दर हजारी

फॉर्मवर चाळीस प्रश्न.
शिक्षकांनी भरायचे, आम्ही गोळा करायचे.
बिबवेवाडीत खळदकर सर गठ्ठ्याकडे असे बघतात
जशी शेजाऱ्याची पत्रिका चुकून यांच्या दारात पडावी.
‘आमच्याकडे असलं कुणी नाही हो.
सहाशे बारा पट. सगळी धडधाकट. चहा घ्या.’

चहा घेते.
खिडकीबाहेर मधली सुट्टी, आणि नळापाशी एक मुलगा,
चावून चावून कॉलर ओली,
थेंब सुटायच्या जरा आधी
बोटानं हवेत टिंब देतोय.
चुकत नाही एकदाही.

‘तो तौफीक. हट्टी आहे.
स्वारगेटच्या सगळ्या बसचे नंबर पाठ
आणि नाव विचारलं की भिंतीकडे बघतो.’

हट्टी असा रकाना फॉर्मात नाही.
समासात पेन्सिलीनं लिहून घेते.

धनकवडीत लोणकर बाईंनी एका रात्रीत सगळे भरून दिले,
सुवाच्य अक्षर, प्रत्येकापुढे एकच उत्तर :
कधीकधी. कधीकधी. कधीकधी.
मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या,
‘अडुसष्ट पोरं आहेत वर्गात.
तुम्ही विचारता, नजरेला नजर देतो का.
आधी मी दिली पाहिजे ना?’

त्यांच्या वर्गात सिद्धी घुले,
फार गुणी, शब्द नाही तोंडातून.
तिच्या कंपासपेटीत झिजलेल्या पेन्सिलींचे तुकडे,
उंचीप्रमाणे, नखाएवढ्यापर्यंत.
मी त्यातला एक उचलून परत ठेवला.
एका घरानं चुकला असणार,
कारण ती दिवसभर जेवली नाही.
हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.
फॉर्मवर तिचे गुण : शून्य. काही त्रास नाही.

बाणेरला उलट.
अहवाल आहेत, स्पायरल बांधलेले, रंगीत आलेखांसकट,
कपाटात, कपाटाला कुलूप.
‘पालकांची संमती नाही’, रिसेप्शनवरची मुलगी हसून सांगते.
लिफ्टपर्यंत पोचवायला येते.

आणि जनता वसाहतीत, चढून चढून धाप लागल्यावर,
पत्र्याच्या दारात रेश्मा ओव्हाळ :
‘शाळा म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.
तीन पुढची वर्षं झाली.
तुमच्या यादीत आहे का नाव?’
नाही.
‘मग कुणाला मोजायला आलात?’

मी तर फक्त पाणी मागायला थांबले होते.
तिचा प्रणय दहा वर्षांचा.
माझं ओळखपत्र गळ्यातून काढून घेतो,
कानाला लावतो,
बराच वेळ ऐकतो.
काय ऐकू येतं, विचारलं नाही मी.
घाई होती.

शनिवारी कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात
मेहेंदळे मॅडम चष्मा कपाळावर सरकवतात :
‘अंश आला. भाजक कुठाय?
शाळेतली मुलं म्हणजे शाळेच्या वयाची मुलं नव्हेत, बाई.’
मग फळ्यावर लिहितात दर हजारी इतके,
खालची मर्यादा, वरची मर्यादा,
आणि मधे एवढी मोकळी जागा
की पर्वतीचा अख्खा चढ मावेल,
पाण्याच्या हंड्यांसकट.

‘पेन्सिलीतलं हे काय?’
हट्टी, मी म्हणते.
त्या खोडत नाहीत. पुसतही नाहीत.
‘पुन्हा जा’, म्हणतात.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून
मी उगाच माझीच चौथी ब आठवत राहते.
तीस कल्पना. बत्तीस मी.
एकतिसाव्याला आम्ही घुम्या म्हणायचो,
नाव काही केल्या आठवत नाही.
बाई ‘एकतीस’ म्हणायच्या, थांबायच्या,
पुन्हा म्हणायच्या,
आणि वहीत गैरहजर मांडून पुढे जायच्या.

माझ्या अगदी पुढच्या बाकावर असायचा तो.
मानेवर पावडर, गुंडीच्या जागी सेफ्टी पिन,
उन्हाच्या तिरीपेत खडूची धूळ खाली येताना बघत.
मी ‘हजर बाई’ म्हणायचे.
माझ्या आवाजानं तो दरवेळी दचकायचा.